मूठ उघडण्याची विद्या

पेशवाईच्या उत्तरार्धात, इसवी सन १७९३च्या सुमारास, पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीच्या एका कारागिराने कावसजी नावाच्या मराठी माणसाला त्याच्याच कपाळाच्या कातडीचे नवे नाक करून दिले, ही हकिकत लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४च्या अंकात चित्रासह छापली आणि तेथून ती युरोपातील शस्त्रवैद्यांच्या अभ्यासाचा विषय झाली. कावसजी इंग्रजांच्या फौजेत बैल हाकण्याच्या चाकरीवर होता. १७९२च्या लढाईत तो टिपूच्या हाती सापडला आणि त्या कैदेत त्याचे नाक व एक हात कापण्यात आला. नाकाची कथा आज प्लॅस्टिक सर्जरीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असते. हाताविषयी मात्र कोणी काही लिहून ठेवले नाही, कारण लिहिण्यासारखे काही घडलेच नाही. मेणाचा साचा, कपाळाची कातडी आणि काताचा लेप एवढ्या सामग्रीवर नाक उभे राहू शकत होते. हात उभा करण्याची विद्या त्या कारागिराजवळ नव्हती, ती शस्त्रक्रिया डोळ्यांनी पाहणाऱ्या मुंबई इलाख्याच्या इंग्रज डॉक्टरांजवळ नव्हती, आणि त्या काळी पृथ्वीच्या पाठीवर अन्य कोणाजवळही नव्हती.

नाक ही आकृती आहे, हात ही क्रिया आहे. मनगटापासून बोटांच्या अग्रापर्यंत हाडे सत्तावीस, त्यांना ओढणारे स्नायू निम्मेअधिक कोपराखाली बसलेले, आणि त्या सर्वांना हुकूम देणारे दफ्तर मस्तकात. यांतील कोणताही एक दुवा तुटला की समोरचा पेला उचलणे हे साधे कर्म अशक्य होऊन बसते. हात बरा करावयाचा तर अखेरीस मेंदूपर्यंत जावे लागते आणि मेंदूपर्यंतची वाट रोजच्या सरावातूनच जाते, हे सत्य वैद्यकाला फार उशिरा उमगले. ते उमगण्याच्या दीर्घ कहाणीतील काही महत्त्वाची प्रकरणे आपल्या पुण्यात घडली आहेत, आणि ती एकत्र सांगितली गेलेली माझ्या पाहण्यात नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच.

पहिले प्रकरण युद्धाचे आहे. दुसऱ्या महायुद्धात जायबंदी होऊन परतणाऱ्या हिंदी सैनिकांसाठी १९४४ साली पुण्याच्या लष्करी हद्दीत कृत्रिम अवयव केंद्र सुरू झाले. त्या काळी लाकूड, चामडे आणि पोलाद यांपासून हातपाय घडवणारी ही संस्था आजही चालू आहे आणि तिचे उपकार या देशातील असंख्य कुटुंबांवर आहेत. परंतु तिच्या कामाचे स्वरूप नीट ध्यानी घेतले पाहिजे. ज्या शिपायाचा हात तोफेच्या गोळ्याने गेला, त्याचा मेंदू शाबूत होता. पकड म्हणजे काय हे त्या मेंदूला पक्के ठाऊक होते आणि कृत्रिम हाताला तो आपली जुनी विद्या शिकवू शकत होता. जन्मतः किंवा जन्माच्या आगेमागे ज्या बालकाच्या मेंदूला इजा झाली, त्याची अवस्था याच्या नेमकी उलट असते. त्याला हात असतो, पाचही बोटे असतात, हाडांत आणि नसांत काही वैगुण्य नसते. परंतु हुकूम देणाऱ्या ठिकाणीच घाव असल्यामुळे मूठ वळलेली राहते, अंगठा तळव्यात दडून बसतो आणि कोपर छातीशी आखडते. सेरेब्रल पाल्सी म्हणतात ती हीच व्याधी. पालक आणि डॉक्टर तिला बोलताना नुसते ‘सीपी’ म्हणतात. अशा बालकासाठी त्या कारखान्यात बनवण्यासारखे काही नव्हते.

दुसरे प्रकरण कोंढव्याचे. डॉ. नोशीर अंतिया हे मूळचे हुबळीचे. मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून ते इंग्लंडला गेले आणि तेथे सर हॅरल्ड गिलिझ यांच्या हाताखाली प्लॅस्टिक सर्जरीचे शिक्षण घेऊन १९५६ साली मायदेशी परतले. कावसजीच्या नाकाची हकिकत वाचून लंडनच्या कार्प्यू यांनी १८१४ साली तशीच शस्त्रक्रिया केली होती आणि त्याच परंपरेत पुढे गिलिझ झाले. म्हणजे पुण्याहून निघालेली विद्या दीडशे वर्षांनी अंतियांच्या रूपाने पुण्याकडे वळली, असे म्हणण्यास हरकत नाही. अंतियांनी पुण्यात जहांगीर नर्सिंग होममध्ये काम सुरू केले आणि त्याबरोबरच कोंढव्याच्या कुष्ठरोग्यांच्या रुग्णालयात विनामोबदला शस्त्रक्रिया आरंभल्या. कुष्ठरोग्याला साध्या रुग्णालयाच्या फाटकाच्या आत घेण्याची तेव्हा कोणाची तयारी नव्हती. एका उच्चशिक्षित शल्यविशारदाने आपण होऊन त्या वस्तीत जावे आणि ज्यांच्या स्पर्शाने लोक आंघोळ करीत त्यांच्या हातांची बोटे एकेक करून सरळ करावीत, याचे मोल पदकांत मोजता येणार नाही.

कोंढव्याच्या त्या कामात पुढच्या सगळ्या कहाणीचे बीज आहे, म्हणून ते जरा जवळून पाहू. कुष्ठरोगाने कोपराजवळची मज्जातंतूची दोरी निकामी झाली की तळहातातले बारीक स्नायू मरतात आणि बोटे पक्ष्याच्या पंजासारखी आत वळतात. वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी या पंजावर जो उपाय रूढ केला त्यात मेलेल्या स्नायूला जिवंत करण्याचा प्रयत्न नसतो. जिवंत असलेल्या एखाद्या स्नायूची कंडरा तिच्या जागेवरून सोडवून तिला नव्या कामावर नेमले जाते. मधल्या बोटाला वाकवणाऱ्या दोन कंडरांपैकी एक मोकळी करावयाची, तिचे उभे चार पदर करावयाचे आणि ते चार बोटांत ओवून शिवावयाचे, ही त्यातली एक रीत. सुमारे तीन आठवडे हात प्लॅस्टरमध्ये राहतो. प्लॅस्टर निघाल्यावर खरी परीक्षा सुरू होते, कारण जो स्नायू आजवर मधले बोट वाकवण्याची चाकरी करीत होता, त्याला आता चारही बोटांचे मूळ वाकवून पेरे सरळ ठेवावयाची असतात, आणि ही बदली हाताने मान्य केली तरी मेंदूला अद्याप तिचा पत्ता नसतो. रुग्ण मधले बोट वाकवण्याचा विचार करतो आणि भलतीच बोटे हलतात. मग फिजिओथेरपिस्ट समोर बसून आठवड्यांमागून आठवडे तीच एक हालचाल करवून घेतात, इतकी की अखेरीस विचार आणि हालचाल यांची नवी गाठ बसते. ज्या रुग्णाने हा सराव टाळला त्याची उत्तम शस्त्रक्रियाही वाया गेली. शल्यविशारदाचे नाव इतिहासात राहते आणि रुग्णासमोर रोज बसणाऱ्याचे राहत नाही. मला हा इतिहासलेखनातील मोठा अन्याय वाटतो.

अंतिया १९५८ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात गेले आणि तेथे त्यांनी टाटा प्लॅस्टिक सर्जरी विभाग उभा केला. पुढे ग्रामीण आरोग्याच्या कामासाठी ते पुन्हा पुणे जिल्ह्यात, पुरंदर तालुक्यातील परिंचे गावी आले, पण ती कथा निराळी आहे.

आता पुन्हा सेरेब्रल पाल्सीकडे वळू. बालकांच्या या व्याधीचे पहिले व्यवस्थित वर्णन लंडनच्या विल्यम जॉन लिटल यांनी केले. १८६२ साली त्यांनी अवघड बाळंतपण, जन्मतःच गुदमरणे आणि अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचा मुलांच्या आखडलेल्या अवयवांशी संबंध दाखवला. मनोविश्लेषणामुळे ख्यातकीर्त झालेले फ्रॉइड हे आपल्या पूर्वायुष्यात याच विषयाचे अधिकारी पुरुष होते, आणि बाळंतपणातील अडचण हे कारण नसून गर्भावस्थेतच झालेल्या बिघाडाचे ते लक्षण असू शकेल, असा दूरदर्शी विचार त्यांनी मांडला होता. आपल्याकडे या मुलांसाठी संघटित प्रयत्न फार उशिरा झाले. मिठू अलूर यांनी १९७२ साली मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली. याच व्याधीसह वाढलेल्या त्यांच्या कन्या मालिनी चिब यांनी एका बोटाने टंकलेखन करीत आपले आत्मचरित्र लिहिले. पुण्यात गणेशखिंडीला राजभवनाच्या शेजारी बाल कल्याण संस्था उभी राहिली आणि दिव्यांग मुलांना खेळण्यासाठी, पोहण्यासाठी, चित्रे काढण्यासाठी हक्काची जागा मिळाली.

तथापि या विषयातले पुण्याचे सर्वांत मोठे कार्य रास्ता पेठेत झाले. तेथील केईएम रुग्णालय हे १९१२ साली स्थापन झालेले, डॉ. बानू कोयाजी १९४४ साली तेथे आल्या तेव्हा ते चाळीस खाटांचे प्रसूतिगृह होते आणि त्यांच्या अर्धशतकाहून अधिक काळाच्या कारभारात ते पाचशेहून अधिक खाटांचे मोठे रुग्णालय झाले. ज्या रुग्णालयाचा जन्मच बाळंतिणींसाठी झाला, तेथे नवजात बालकांकडे विशेष लक्ष जावे हे स्वाभाविक होते. अपुऱ्या दिवसांची आणि कमी वजनाची बाळे वाचवण्याचे तंत्र एकोणीसशे ऐंशीच्या दशकात आपल्याकडे रुजू लागले. लोक ज्याला ‘काचेची पेटी’ म्हणतात त्या पेटीतून, पूर्वी हमखास दगावली असती अशी मुले जिवंत बाहेर येऊ लागली. तेव्हा केईएममधील डॉ. आनंद पंडित, डॉ. सुधा चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला एक प्रश्न विचारला, जो विचारण्याला धैर्य लागते: आपण ही मुले वाचवली खरी, पण पुढे त्यांचे काय झाले?

त्यांनी १९८७ ते १९८९ या काळात नवजात कक्षातून घरी गेलेली, जन्मतः दोन किलोहून कमी वजनाची मुले आणि त्यांच्याशी तुलनेसाठी पुऱ्या दिवसांची, पुऱ्या वजनाची मुले यांची रीतसर नोंद ठेवली आणि ती मुले जाणती होईपर्यंत त्यांची साथ सोडली नाही. सहाव्या वर्षी तपासणी झाली, बाराव्या वर्षी झाली, अठराव्या वर्षी झाली. शेवटच्या तपासणीचे निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. रुग्ण दाराबाहेर पडला की त्याची फाइल बंद होण्याचा रिवाज असलेल्या या देशात, अठरा वर्षे तीच मुले पुन्हा पुन्हा बोलावणे, त्यांच्या आईवडिलांना पटवणे, बदललेले पत्ते शोधणे, हे काम शस्त्रक्रियेइतकेच कष्टाचे आहे आणि त्याला टाळ्या मिळत नाहीत. पुण्याच्या वैद्यकीय इतिहासात याहून अधिक चिकाटीचे दुसरे काम मला ठाऊक नाही.

बाराव्या वर्षीच्या तपासणीत कमी वजनाची १८० मुले होती. त्यांच्यापुढे बेंडरच्या चाचणीची पत्रे ठेवली जात: एकावर वर्तुळाला टेकलेला, कोनावर उभा असलेला चौकोन, दुसऱ्यावर ओळीने मांडलेले ठिपके, तिसऱ्यावर आणखी काही, आणि मुलाने ते पाहून तसेच कागदावर काढावयाचे. डोळ्याने पाहिलेले हाताला कितपत उतरवता येते, याची ती परीक्षा. या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ८९.५ भरला, पुऱ्या वजनाच्या मुलांचा ९७.२, म्हणजे ही मुले मंदबुद्धी नव्हती, सर्वसाधारण मर्यादेतच होती. परंतु डोळा आणि हात यांचा मेळ, हालचालीतले कौशल्य, लेखन आणि गणित यांत ती मागे पडत होती, आणि अपुऱ्या दिवसांची असून त्या दिवसांच्या मानानेही लहान जन्मलेली मुले सर्वांत अधिक. ज्यांना कोणी अपंग म्हणणार नाही, जी शाळेच्या सामान्य बाकावर बसतात, अशा मुलांच्या हातातही जन्मकाळच्या संकटाची खूण राहते, हे रास्ता पेठेतल्या त्या कागदांनी दाखवून दिले. शाळेतल्या मास्तरांनी ‘अक्षर गचाळ’ म्हणून ज्यांच्या बोटांवर पट्टी मारली, त्यांत अशी किती मुले असतील याचा विचार मनाला अस्वस्थ करतो. या पाहणीबरोबरच केईएममध्ये बालविकास आणि पुनर्वसनाचे केंद्रही उभे राहिले, कारण दोष हुडकून काढावा आणि उपचाराची तजवीज करू नये, हे त्या मंडळींना रुचणारे नव्हते.

दोष हुडकण्याची पहिली संधी मात्र रुग्णालयाला नव्हे, घराला मिळते, आणि घर ती बहुधा प्रेमापोटीच दवडते. सहा महिन्यांचे बाळ खुळखुळा घ्यायला एकच हात पुढे करते, दुसऱ्या हाताची मूठ मिटलेली असते, आणि आजी कौतुकाने म्हणते, ‘डावखुरा होणार बरं का हा!’ वास्तविक वर्षाच्या आत निरोगी बालक डावेउजवे करीत नाही. ते दोन्ही हातांनी जग ओढून घेते. वर्षाआधीच एका हाताची पसंती ठरली, तर दुसऱ्या हाताला काही अडचण आहे का, हे तपासून घेतलेच पाहिजे. ही एक गोष्ट प्रत्येक आजीला ठाऊक झाली तर कित्येक मुलांची मोलाची वर्षे वाचतील.

ती वर्षे मोलाची का, याचे उत्तर गेल्या तीन-चार दशकांत मिळाले, पण त्या उत्तराची वाट जुनी आहे. १८७० साली बर्लिनमध्ये फ्रित्श आणि हिट्झिग यांनी कुत्र्याच्या उघड्या मेंदूला विजेचा सूक्ष्म स्पर्श करून पाय हलवून दाखवला. १९३७ साली मॉन्ट्रियलच्या पेनफील्ड यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी माणसाच्या मेंदूवर हाताची जागा आखली, आणि ती सबंध धडाच्या जागेहून विस्तीर्ण निघाली. १९८५ साली शेफील्डच्या अँथनी बार्कर यांनी कवटी न उघडता, डोक्यावर धरलेल्या तारेच्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंद सोडून हाताची बोटे हलवली. या साधनाने न्यूकॅसलच्या जॅनेट आयर यांनी तान्ह्या मुलांचे मेंदू तपासले, तेव्हा असे दिसले की जन्मतः मेंदूच्या प्रत्येक अर्धाकडून दोन्ही हातांकडे तंतू जातात आणि पुढच्या महिन्यांत स्वतःच्या बाजूकडे गेलेले तंतू क्रमाने मागे हटून पलीकडच्या बाजूचे बळावतात. एका अर्धाला इजा झाली असेल, तर पाटाच्या पाण्यावर दोन शेतांची पाळी असावी आणि एका शेतकऱ्याचे आजारपण पाहून दुसऱ्याने त्याचीही पाळी आपल्याकडे वळवून घ्यावी, तसे घडते: निरोगी अर्ध दोन्ही हातांवर अंमल बसवतो आणि जखमी अर्धाचे उरलेसुरले तंतूही वापराअभावी सुकतात.

वापराअभावी हानी होते हे अमेरिकेतील एडवर्ड ताउब यांनी आधीच दाखवले होते. माकडांवरील त्यांच्या प्रयोगांत संवेदना गेलेला हात माकड टाकून देत असे, पण चांगला हात बांधून ठेवला की टाकलेला हात कामाला लागे. १९८१ साली सिल्व्हर स्प्रिंग येथील त्यांच्या प्रयोगशाळेतील प्राण्यांच्या हालअपेष्टांवरून मोठा खटला उभा राहिला आणि तो डाग इतिहासातून पुसला जाणार नाही. परंतु त्यातून निघालेला उपचार अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी आणि पुढे मुलांसाठी वरदान ठरला. मुलाच्या चांगल्या हाताला मोजा किंवा पट्टी बांधून ठेवतात आणि दुबळ्या हाताकडून खेळता खेळता चिंचोके उचलणे, डब्याचे झाकण फिरवणे, सदऱ्याचे बटण काढणे अशी कामे करवून घेतात. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या अँड्र्यू गॉर्डन यांनी दोन्ही हातांना एकत्र गुंतवणारी पद्धत बसवली, कारण जीवनात पेन्सिलीला टोक करणे आणि पिशवीची गाठ सोडणे ही दोन हातांचीच कामे आहेत. दोन्ही पद्धतींत तासांना पर्याय नाही. गॉर्डन यांच्या शिबिरांत साठ ते नव्वद तास सराव होतो.

या सरावाला विद्युतचुंबकीय उत्तेजनाची जोड देण्याचा विचार येथे आला. कॅनडातील कॅल्गरी येथे अ‍ॅडम कर्टन यांनी जन्मकाळी मेंदूतील रक्तप्रवाह खंडित झालेल्या ४५ मुलांना दोन आठवड्यांच्या शिबिरात एकत्र केले. काहींना निरोगी अर्धाचा अतिरेक आवरण्यासाठी मंद चुंबकीय स्पंद दिले, काहींचा चांगला हात बांधला, काहींना दोन्ही उपाय केले, तर काहींना नुसता सराव दिला. २०१६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले: दोन्ही उपाय झालेल्या मुलांच्या हातांची प्रगती सर्वांत अधिक होती. परंतु त्याच निष्कर्षातली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते: मुलांनी स्वतः ठरवलेली उद्दिष्टे पाहिली, तर नुसत्या सरावाच्या गटासह सर्वच गट पुढे गेले होते. यानंतर त्यांनीच सौम्य विद्युत्प्रवाहाचा प्रयोग केला. त्यात हाताच्या मोजमापात प्रवाहाचा वेगळा लाभ दिसून आला नाही. हे शास्त्र अजून घडत आहे.

म्हणून पुण्यातल्या पालकांना आदरपूर्वक एक सांगणे आहे. चुंबकीय उत्तेजनाची यंत्रे आता शहरात नैराश्याच्या उपचारासाठी वापरली जातात, आणि उद्या कोणी आपल्या मुलाच्या हातासाठी त्यांचे महागडे सत्र सुचवील. या मुलांतल्या अनेकांना झटके येतात. मेंदूविकारतज्ज्ञाच्या देखरेखीवाचून आणि मान्यताप्राप्त अभ्यासाच्या चौकटीबाहेर असे उत्तेजन घेऊ नये. यंत्र जमीन तयार करू शकेल, पेरणी करणार नाही. ज्या केंद्रात यंत्र आहे पण मुलाजवळ तासन्‌तास बसणारा थेरपिस्ट नाही, तेथे पैसे घालवण्यापेक्षा यंत्र नसलेले आणि माणसे असलेले केंद्र शतपटीने बरे.

कायद्यानेही आता या मुलांची दखल घेतली आहे. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा उल्लेख आहे आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस दिव्यांगतांत तिचा समावेश झाला. २०१३ साली महाराष्ट्रातल्याच पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी होते आणि गरज असेल त्या मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. तेथील उपचार विनामूल्य आहे. ज्या घरी बाळ जन्मतः रडले नाही, काचेच्या पेटीत राहिले, किंवा दोन किलोहून कमी भरले, त्या घराने दवाखान्याने दिलेली पुढच्या तपासणीची एकही तारीख चुकवू नये; आणि बाळाची मूठ चार महिन्यांनंतरही मिटलेली राहत असेल किंवा ते एकच हात पुढे करीत असेल, तर ‘मोठे झाल्यावर सुटेल’ असे म्हणणाऱ्यांचे न ऐकता त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवावे.